सासूबाईंचं माहेर

चैत्र शुद्ध दशमी, भोर

सासूबाई आज वेल्ह्याहून आल्या. भोर त्यांचं माहेर, पण भाऊ गेल्यापासून त्या इकडे फिरकल्याच नव्हत्या. "हितं आता माजं कोन हाय?" म्हणायच्या.

मी हौसेनं राजवाडा दाखवायला निघाले, तर त्या थेट नीरेच्या घाटावर उतरल्या. तिथे धुणं धुणाऱ्या एका म्हातारीनं मान वर केली.

"चंद्रे, तू व्हय गं?"

सासूबाईंना कुणी अशी हाक मारलेली मी कधी ऐकलीच नव्हती. त्या पाण्यात पाय सोडून पायरीवरच बसल्या. मग दोघींचं हसणं, आणि पोहण्यात पुढे कोण असायचं यावरून चक्क भांडण! राजवाडा राहिलाच. मला वाईट वाटलं का? थोडं. पण ते पाण्यातले पाय...

परतताना म्हणाल्या, "उद्या तिच्याकडं जेवाया जायचंय. म्हायेरवाशीण म्हणून बोलावलंय मला."