लांडग्याचा भांग

प्रिय ताई,

शिरसाष्टांग नमस्कार. (यातलं शिर या खेपेला रिवाजापुरतंच धर. गेल्या रविवारी दुपारी ते तुझ्यामुळे भरल्या थिएटरात खाली गेलं, ते अजून वर आलेलं नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला का? हसून हसून बरगड्या दुखायला लागल्या असं तू हिला फोनवर सांगितल्याचं कळलं. शेक घे. मी तुझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान आहे आणि मोठ्या बहिणीला उलटून बोलायचं नाही हे वळण मला तूच लावलंस, म्हणून वहीच्या पानावर, समास सोडून, खाडाखोड न करता लिहितो आहे. पण रागावलेला आहे. खूप रागावलेला आहे, आणि तुझ्या चिरंजिवांवर नाही, तुझ्यावर. तेहेतीस वर्षांत माझ्या हातच्या केसांच्या टोपाला कोणी हसलेलं नव्हतं. तू हसलीस, आणि सगळ्यांच्या आधी हसलीस. का हसलीस, एवढंच मला विचारायचं आहे. बाकी मजकूर संताप शांत व्हावा म्हणून लिहितो आहे, आणि तो होईल असं वाटत नाही.

सुरुवातीपासून सांगतो, म्हणजे तुला नंतर म्हणायला नको की मला कोणी काही सांगितलंच नाही. पाच महिन्यांपूर्वी चिरंजीव आमचा जिना चढून वर आले. (जिन्याला एकोणीस पायऱ्या आहेत. एरवी मामाची आठवण आली की ते खालूनच हाक मारतात.) आपण पहिला सिनेमा काढतो आहोत, भयपट आहे, आणि त्यात प्रेम आहे, असं त्यांनी सांगितलं. अकरावीतला एक लाजाळू मुलगा, वर्गातली एक मुलगी. तिला मनातलं सांगायला गेला की याच्या अंगावर केस उगवतात, सुळे बाहेर येतात आणि याचा लांडगा होतो. मी म्हटलं, मग चिठ्ठी का लिहीत नाही? त्यावर त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं तसं हल्लीची मुलं पाहतात. प्रेक्षकांची बोबडी वळली पाहिजे, मामा, असा लांडगा हवा, असं म्हणून त्यांनी माझ्या पाया पडण्याचा आविर्भाव केला. मी विरघळलो. लहानपणापासून या पोराला नाही म्हणायला मला जमलेलं नाही, हा दोषही खरा तुझाच, पण तो आज काढत नाही.

आता इथे धंद्यातली एक गोष्ट तुला सांगायलाच हवी, कारण सगळा घोटाळा तिच्यात आहे. टोप म्हणजे डोक्यावर केस चिकटवणं नव्हे. बारीक जाळी घ्यायची, तिच्या एकेका भोकातून आकड्याने एकेक केस ओढायचा आणि गाठ मारायची. गाठ मारतानाच तो केस जन्मभर कुठल्या दिशेला पडणार हे ठरतं. एकदा गाठ बसली की मग त्या केसाला वाऱ्याने उडवा, पाण्याने भिजवा, शिव्या द्या, तो झटक्यासरशी आपल्या जागी येऊन निजतो. म्हणून मी चिरंजिवांना विचारलं होतं, लांडग्याचे केस कसे पडतात? ते म्हणाले, कसेही, मामा, जंगली. ताई, आमच्या कामात कसेही असं काही नसतं. राजा असो, भिकारी असो, वेडा असो, त्याचे केस कुठल्या तरी बाजूला पडतातच. मी पुन्हा विचारलं तर त्यांनी मोबाइलवर खऱ्या लांडग्याचा फोटो दाखवला. त्यात लांडगा पळत होता. पळत्या लांडग्याचे केस बघून गाठी मारता येत नाहीत.

बावन्न दिवस लागले. डोकं, मान, गालांच्या दोन पट्ट्या, हाताच्या पंजांचे वेगळे. दुकानात फळीवर ओळीने मांडलेली लाकडी डोकी तुला माहीतच आहेत. त्यांतलं सगळ्यात जुनं डोकं मी त्यासाठी घेतलं. सकाळी बसायचो तो दिवे लागेपर्यंत. मानेला लचक भरली, उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलं, चष्म्याचा नंबर वाढला. तुम्ही पुन्हा माणसात कधी येणार, असं हिने दोनदा विचारलं. दिशेचा विचार मी दोन दिवस केला, मग सोडून दिला. हातांना तेहेतीस वर्षांची सवय आहे, ते त्यांना वाटेल तशा गाठी मारत गेले आणि मी रेडिओ ऐकत राहिलो. काम संपलं तेव्हा मी तो टोप उजेडात धरून पाहिला आणि माझं मलाच भरून आलं. (हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. सांगण्याइतकं आपलं बोलणं आता राहिलेलंही नाही म्हणा.)

मग शूटिंग. एका जुन्या गोदामात सकाळी दहा वाजता खिडक्यांना काळे पडदे लावून पौर्णिमा केली होती. चंद्र म्हणजे पत्र्याची थाळी, तिच्यावर दिवा. लांडगा झालेला मुलगा फार गुणी, पण इतका लाजरा की चहा हवा का विचारलं तरी कानापर्यंत लाल व्हायचा. रोज तीन तास माझ्यासमोर खुर्चीत बसायचा, मी केस चढवायचो. नुसत्या चेहऱ्याने त्या नायिकेशी एक शब्द बोलायचा नाही, आणि एकदा का केस चढले की तिच्याशी असा गप्पा मारायचा की चिरंजिवांना कर्णा घेऊन त्याला बोलवावं लागे. संध्याकाळी टोप उतरवायला आला की म्हणायचा, काका, आणखी पाच मिनिटं ठेवा ना. मी ठेवायचो. प्रेम कोणाचं कशावर अडलेलं असतं, त्यात आपण लुडबूड करू नये.

पण पहिल्याच दिवशी खटका उडाला. लांडगा कपाटावरून उडी मारतो, गुरगुरतो आणि मान झटकतो, असं दृश्य होतं. त्याने मान झटकली आणि सगळे केस झुळकन डावीकडून उजवीकडे जाऊन चापूनचोपून बसले. डोक्यावर सरळ रेघ. डाव्या बाजूचा भांग! चिरंजिवांनी केस विस्कटले, पुन्हा उडी, पुन्हा भांग. पाणी मारलं, भांग. माती चोळली, मातकट भांग. गोंद लावायला निघाले तेव्हा मात्र मी मधे आडवा झालो. खरं सांगतो, त्या वेळी माझी छाती फुगली होती. असा टोप दुसऱ्या कोणी करून दाखवावा, असं मी त्यांना सर्वांसमोर सुनावलंसुद्धा. नायिका तेवढी तोंडावर हात धरून होती. मला वाटलं, भीतीने.

आणि मग तो रविवार. घरची माणसं, सिनेमात काम केलेली मुलं, आणि चौथ्या रांगेत हाताची घडी घालून बसलेले दोन वितरक, ज्यांच्या हाती तुझ्या मुलाचं नशीब होतं. तू तिसऱ्या रांगेत, मी मागे दाराजवळ. सुरुवात उत्तम झाली. अंधार, पावलांचा आवाज, भिंतीला पाठ लावून उभी असलेली ती मुलगी. कोणी खोकत नव्हतं. एका वितरकाने घडी सोडून खुर्चीचा हात धरला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. लांडगा उजेडात आला, गुरगुरला, मान झटकली, केस झुळकन बसले. सगळं थिएटर गप्प. आणि त्या गप्पपणात तिसऱ्या रांगेतून आधी एक उचकी आली आणि मग कुकरची शिट्टी व्हावी तसं तुझं हसू फुटलं! तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. तुझ्यापाठोपाठ दुसरी रांग हसली, मग मुलं, मग वितरक. एका वितरकाने दुसऱ्याच्या मांडीवर थाप मारली. तिथून पुढे लांडगा नुसता दिसला तरी लोक खिदळत होते. शेवटी ती मुलगी रडत रडत त्याच्या डोक्यावरून हात फिरवते, तर तिथे भांग जास्तच नीट बसला आणि लोक खुर्चीतून घसरले. मी बाजूच्या दाराने बाहेर पडलो. जाताना वाळूची बादली लाथेने उडाली, तिचा आवाज झाला, त्यालाही लोक हसले.

पुढचं तुला माहीत आहे. वितरकांनी सिनेमा घेतला, पण विनोदी म्हणून. भयपट काढायला निघालेला तुझा मुलगा आता विनोदी दिग्दर्शक आहे आणि त्याचं त्याला दुःख नाही, हे त्याहून मोठं दुःख. माझा मान राखावा म्हणून त्याने नामावलीत घातलं आहे : केस आणि विनोद, मामा. ताई, मी जन्मात विनोद केलेला नाही! खालच्या सलूनवाल्याने आमच्या लांडग्याचा फोटो काचेवर लावला आहे आणि कॉलेजची पोरं रांगा लावून लांडगा भांग पाडून घेतात. पाडून झाला की वर माझ्या दारात येऊन माझ्याबरोबर फोटो काढतात. एक जण तर कुत्रा घेऊन आला होता. आमच्या धंद्यात टोपाकडे कोणाचं लक्ष गेलं की टोप फसला, असं समजतात. माझ्या टोपाकडे आता गावभर लक्ष आहे. चिरंजीव परवा दुसऱ्या भागाचं बोलायला आले तेव्हा मी त्यांना एकोणिसाव्या पायरीवरूनच परत पाठवलं.

तेव्हा आता नीट ऐक. पुढच्या महिन्यात मी तुझ्याकडे येणार होतो, ते येणार नाही. फोन करू नकोस, मी उचलणार नाही आणि हिलाही उचलू देणार नाही. (याबद्दल हिच्याशी अजून बोललेलो नाही.) जगातलं कोणीही हसलं असतं तरी मी गिळलं असतं. पण मी पहिला टोप केला तेव्हा तो डोक्यावर घालून बाजारात जाऊन आलेली तू, आणि तूच हसलीस. ते मला सहन होत नाही.

भावोजींना नमस्कार. चिरंजिवांना आशीर्वाद द्यायचा की नाही ते तू ठरव.

तुझा (कालपर्यंतचा) धाकटा भाऊ

ता. क. फोन केलासच तर चारनंतर कर. त्याआधी मी दुकानात असतो आणि मग उचलत नाही हे तुला कळणार नाही.

ता. क. २. पाकिटाला तिकीट नव्हतं म्हणून पत्र दोन दिवस टेबलावर पडून राहिलं, तेवढ्यात एक झालं. तो लाजरा मुलगा आणि ती नायिका टोप परत द्यायला आली. (मुलगा केसांशिवाय आला होता आणि तिच्याशी चार वाक्यं बोलला. मी मोजली.) ती दोघं गेल्यावर कुठे गाठी सुटल्यात का बघायला मी टोप लाकडी डोक्यावर न ठेवता माझ्याच डोक्यावर चढवला. माझ्या डोक्यावर स्वतःचं असं काही उरून वीस वर्षं झाली, तेव्हा तो छान बसला. आरशासमोर उभं राहून मान झटकली. केस डावीकडून उजवीकडे झुळकन बसले, आणि मागे भोवऱ्यापाशी रेघ थोडी वाकडी झाली. ताई, हा भोवरा माझा आहे. ही वाकडी रेघ तुझी आहे. शाळेच्या पहिल्या दिवसापासून रोज तू वरच्या पायरीवर बसून, मला खालच्या पायरीवर गुडघ्यांत आवळून धरून, हनुवटीखाली हात घालून ओल्या कंगव्याने पाडायचीस तोच हा भांग. बावन्न दिवस माझे हात तोच बांधत होते आणि मला पत्ता नव्हता. तुला दोन सेकंदांत कळलं. तेव्हा वर जे का हसलीस म्हणून विचारलं आहे, ते मागे घेतो. इतक्या मोठ्याने का हसलीस, हे तसंच ठेवतो.

ता. क. ३. दुसऱ्या भागात लांडग्याला मोठी बहीण आहे. मुलीला भेटायला जाण्याआधी ती त्याचे केस विंचरून देते. मी चिरंजिवांना काल हो म्हणून बसलो आहे. (राग गेलेला नाही, गैरसमज नको.) त्या बहिणीचा टोप तुझ्याच डोक्यावरून करायचा आहे. फोटोवरून काम होत नाही, डोकं समोर लागतं, तेव्हा दोन दिवस काढून ये. जिना चढताना गुडघे दुखले तर मी धरीन. तुझा भांग कुठून पडायचा ते मी कालपासून आठवतो आहे आणि मला आठवत नाही. माझी पाठ असायची तुझ्याकडे.