शेवंतीचा खालचा पापुद्रा

ज्येष्ठ गुरुबंधू शेनमू यांच्या सेवेशी, सूचौहून धाकटा गुरुबंधू वेइच्युन याचा कमरेत वाकून नमस्कार. आपला खोकला नासपतीच्या काढ्याने उतरला असेल आणि वहिनींचे रेशीमकिडे यंदा तरी तुतीचा पाला नीट खात असतील, अशी आशा आहे. आम्ही सर्व कुशल आहोत. मात्र माझी चोरी झाली आहे.

विषय क्रमाने मांडतो. सासरेबुवांच्या सत्तरीसाठी मी शेवंती रंगवली (दीर्घायुष्यासाठी याहून शुभ फूल नाही, हे आपणांस सांगायला नकोच; तरी सांगितले). येत्या पौर्णिमेला ती त्यांच्या दिवाणखान्यात, जाणकार पाहुण्यांसमोर लागेल. ज्या घरात मला आजवर 'फुलं काढणारे जावई' म्हणतात, तेथे माझा सारा मान त्याच खिळ्याला टांगलेला आहे. मागे कागद चिकटवून रेशमी किनार लावण्यासाठी चित्र कुंग कारागिराकडे दिले. परत आले ते फिके! आता पाहा, आपला कच्चा कागद एकसंध नसतो. त्यात पापुद्र्यावर पापुद्रा बसलेला असतो. भरलेला कुंचला टेकवला की शाई वरच्यातून खालच्यात झिरपते. निष्णात कारागीर कागद ओला करून खालचा पापुद्रा अलगद सोलतो आणि एका चित्राची दोन होतात. दोन्ही अस्सल, दोन्ही जराशी अशक्त. केवढी सुंदर विद्या! (चोराच्या हाती गेली, एवढाच दोष.) तेव्हापासून मी समोरच्या चहाघरातून कुंगवर पाळत ठेवली आहे. तो भिंतीवर काहीतरी वाळत घालतो आणि स्वतःशीच हसतो. निरपराध माणूस एकट्याने हसत नाही.

अखेर दुकानात शिरून सरळ विचारले. कुंग म्हणाला, "मास्तर, खालचा पापुद्रा चोरायला शाई तिथवर पोचावी लागते. तुमची वरच्यातच धापा टाकते. इतकं पाणी घातलंत, शेवंतीला पडसं झालं असेल!" गिऱ्हाइके खो-खो हसली. घरी सांगितले, तर आमची रुइलान भाजी चिरता चिरता म्हणाली, "अहो, चोर झाला म्हणून काय झालं, त्यालाही आवडनिवड असतेच की!"

मी शांतपणे विचार केला. कुंगने चोरी केली असेल, तर ज्याचे चित्र चोरावेसे वाटते असा मी चित्रकार आहे. केली नसेल, तर चित्र मुळातच फिके आहे. म्हणून चोरी झालीच आहे.

आपला नम्र,
वेइच्युन

ता. क. काल सासरेबुवांनी चित्र पाहिले. "किनार काय झकास लावलीय हो!" म्हणाले. फुलाविषयी चकार शब्द नाही. हेही संशयास्पद आहे.

पुन्हा ता. क. समारंभाला आपण येणारच आहात. जेवणाच्या पंगतीत, सर्वांना ऐकू जाईल असे म्हणावे, "अरेच्चा, हीच शेवंती मी कुंगच्या मागच्या खोलीतही पाहिली, ती कशी?" कुंग नाकारणार नाही, माझे त्याच्याशी बोलणे झाले आहे. इतका पातळ पापुद्रा सोलणारा हात, ही कीर्ती त्यालाही हवीच आहे. मात्र तो इतक्या चटकन तयार झाला, की आता मला खरोखरच संशय येऊ लागला आहे. येताना त्याच्या मागच्या खोलीत एकदा डोकावून यावे.