गाठ नव्हती म्हणून

मौजे ईट. सोमवार, मार्गशीर्ष वद्य षष्ठी

तालुक्याच्या निजामी दवाखान्यातून दिवेलागणीला परत आलो. बैलगाडीतून उतरून उंबऱ्यापर्यंत येता येता ह्यांना दोनदा बसावं लागलं. पाय इतके सुजलेत की चपला हातात घेऊन आले.

गेल्या साली पलेग आला, उंदीर पडले, तेव्हा सगळं गाव रानात झोपड्या घालून राहिलं. तिथंच एका सकाळी ह्यांच्या छातीत कळ आली, अंग घामानं भिजलं. सासूबाईंनी आधी काखेत चाचपलं, मग जांघेत. "गाठ न्हाय!" म्हणून रडल्याच. पलेग नाही या आनंदात आम्ही झोपडीझोपडीला गूळ वाटला. छातीचं कुणी विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी हे शेजाऱ्याच्या झोपडीच्या मेढी रोवायला गेले.

आज डॉक्टरसाहेबांनी छातीला नळी लावली आणि सगळं उर्दूत सांगितलं. हे उर्दू शाळेत शिकलेले. मी विचारलं तर म्हणाले, "थकवा हाय म्हणतेत." पण 'पिछले साल', 'दिल का हिस्सा' आणि 'मर गया' कळायला शाळा कशाला लागते? काळजाचा एक भाग त्या सकाळीच मेला. तेव्हा नुसतं निजवून ठेवलं असतं तर? पण आम्ही गूळ वाटत होतो.

घरी सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणले रं डाक्टर?"

धाप आवरत हे म्हणाले, "गाठ न्हाय म्हणले, आई."

त्यांनी देवाला हात जोडले. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "पोरी, गूळ आण."