अर्धं पुस्तक तुझं, अर्धं माझं

प्रिय अक्का,

परवा वाचनालयात पुस्तक बदलायला गेले होते. तिथले ते जाड चष्म्याचे गृहस्थ पुस्तक उलटंपालटं करून बघत म्हणाले, "वैनी, अलीकडं तुमच्याकडनं पुस्तकं शाबूत येत्यात की!" मी तिथंच गार! म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं! इतकी वर्षं आपण पुस्तकाच्या शिवणीवर ब्लेड चालवून त्याचे दोन भाग करत होतो, परत देताना सुईदोऱ्यानं शिवून, खळ लावून, रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवत होतो, आणि आपल्याला वाटायचं कुणाला पत्ताच नाही. मी मान खाली घालून उभी राहिले. तर ते म्हणाले, "थोरल्या वैनींची शिलाई झकास असायची. मूळ बांधणीपेक्षा घट्ट." आणि पुढच्या माणसाचं पुस्तक घेतलं. मी बाहेर आले आणि महाद्वार रोडच्या कडेला भाजीची पिशवी हातात धरून रडले. म्हणून हे पत्र.

जन्मभर तुला अहोजाहो केलं. तूच म्हणायचीस, "अगं, तू म्हण की मला. मी काय तुझी सासू हाय?" पण सासूबाईंसमोर जीभ वळायची नाही, आणि त्या गेल्यावर सवय मोडली नाही. आज म्हणते. चालेल ना?

आठवतं, हे सगळं कसं सुरू झालं? घरात वर्गणी एकच, तुझ्या नावावर. पुस्तक एका वेळी एकच मिळायचं. आणि जावा दोघी, दोघींनाही दम नाही. तू थोरली म्हणून पुस्तक आधी तुझं. मी आपली चुलीपुढं बसून विचारणार, "किती राहिलं? किती राहिलं?" एक दिवस तू वैतागलीस, तुझ्या सुमीच्या पेन्सिलीचं ब्लेड घेतलंस, पुस्तक मधोमध फाडलंस आणि मागचा भाग माझ्या मांडीवर टाकलास. "घे! आता तोंड मिटून वाच."

तेव्हापासून या घरात आलेली प्रत्येक कादंबरी मी आधी मधून शेवटापर्यंत वाचली, आणि मग पहिल्या पानापासून मधल्यापर्यंत. जगात असं वाचणारी दुसरी बाई असेल का गं?

तुझी एकच अट होती. "शेवट सांगशील तर बघ. जेवाय वाढणार न्हाय." मी कधी सांगितला नाही. पण माझं तोंड! तो एक डॉक्टर होता बघ एका कादंबरीत, गोड बोलणारा, गरिबांना फुकट औषध देणारा. तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "सोन्यासारखा माणूस हाय." मी कांदा चिरत होते. मला ठाऊक होतं, पुढं हा सोन्यासारखा माणूस नायिकेला सोडून एका वकिलाच्या मुलीशी लग्न करतो. मी नुसती नाक ओढून बसले. तू भाकरी तव्यावर टाकायची थांबलीस. "फसवतो व्हय मेला?" मी म्हटलं, "मी कुठं काय म्हटलं?" त्या दिवशी तू रागानं जेवली नाहीस, आणि सासूबाईंना वाटलं आपलं भांडण झालंय.

आता मी पुस्तकं सबंध वाचते. पहिल्या पानापासून, शहाण्यासारखी. आणि खरं सांगू? मला अजिबात आवडत नाही.

अगं, पहिले भाग इतके संथ असतात हे मला माहीतच नव्हतं! तीस-तीस पानं नुसती नदी आणि झाडं. मग घराण्याची माहिती. मग नायिकेचं बालपण, तिचा परकर, तिची बाहुली. भांडणं, पळून जाणं, रडारड, सगळं मागच्या भागात. म्हणजे इतकी वर्षं चांगला वाटा माझ्याकडं आला आणि तू झाडं वाचत बसलीस! एकदा तरी बोलायचंस की!

या वर्षात बरंच वाचलं. मत द्यायला कोणी नाही. आमचे हे हातातलं पुस्तक बघून विचारतात, "किती पानं?" तेवढंच. मी सांगितलं की मान हलवतात आणि रेडिओ लावतात. म्हणून तुलाच सांगते.

एक वाचली, त्यात नायक खोकतो आणि प्रेमपत्रं लिहितो. तीनशे पानं लिहितो आणि एकही टपालात टाकत नाही! शेवटी तिचं लग्न होतं आणि हा पत्रं नदीत सोडतो. लोकांना फार आवडली म्हणे. मला तर त्याच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला. तू असतीस तर म्हणाली असतीस, "पोस्टाचं तिकीट काय एवढं महाग हुतं?"

दुसरी गावाकडची. लिहिणारा शिकलेला, भाषा सुरेख, पण म्हैस भर दुपारी बारा वाजता पिळतो गं! आणि पिळून झाल्यावर रेडकू सोडतो. तुझ्या माहेरी कागलला ही कादंबरी नुसती वाचून दाखवली असती तर गोठ्यातल्या म्हशीसुद्धा उठून गेल्या असत्या. पण त्यातली एक म्हातारी फार खरी होती. सून माहेरी जाताना ती तिच्या पिशवीत मुकाट्यानं शेंगांची चटणी घालते आणि वर भांडते, "पिशवी केवढी केलीयास!" तिथं मी थांबले. ते पान तुला वाचून दाखवायचं म्हणून खूण घातली, आणि मग लक्षात आलं.

तिसरी राजवाड्याची. दागिन्यांची वर्णनं तुला आवडली असती, म्हणून मी एकही ओळ न गाळता वाचली. कंटाळा आला, पण वाचली.

आणि मालतीची कादंबरी. तिच्याबद्दल लिहायला हात धजत नव्हता.

तीच आपली शेवटची फाडलेली. तू दवाखान्यात होतीस. थर्मासच्या पिशवीतून तुझा भाग मी नेऊन दिला होता, माझा भाग मी घरी वाचून संपवला होता. तुझ्याकडचं शेवटचं पान म्हणजे मालती ट्रंक घेऊन सासरचं घर सोडते आणि एस.टी. स्टँडवर येऊन बसते. तू ते वाचून पुस्तक छातीवर ठेवलंस आणि मला विचारलंस, "परत जाती का गं ती?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू शेवट विचारलास. मी सांगायला तोंड उघडलं, तर तू हात वर केलास. "ऱ्हाऊ दे तिचं. माझं सांग."

डॉक्टरांनी दादांना सगळं सांगितलं होतं, आणि दादांनी घरात बजावलं होतं की तुझ्या कानावर एक अक्षर जाता कामा नये. तुझ्या नवऱ्याचा शब्द या घरात कोण मोडणार? सगळे तुझ्यासमोर हसत होते. मोठ्या वन्सं तर "दिवाळीला करंज्या तूच करायच्या" म्हणून सांगून गेल्या होत्या. मी मान खाली घातली. तू माझी हनुवटी धरून तोंड वर केलंस. "सुमीचं लगीन बघीन का मी?"

"न्हाय, अक्का."

एवढंच बोलले मी. तू मग म्हणालीस, "ते मोसंबं सोल." मी सोललं. दोन फोडी खाल्ल्यास, बाकीच्या मला खायला लावल्यास. आणि म्हणालीस, "ह्यांना बोलीव."

मी बाहेर बाकावर बसले होते. दार अर्धवट उघडं होतं. तू दादांना म्हणालीस, "सुमीला बी.ए. हू दे. माझ्यामागं वर्षाच्या आत उरकायची घाई करू नका. लोक म्हणतील, आत्ता न्हाय केलं तर तीन वर्सं थांबाय लागंल. थांबा की मग." दादा बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

तू गेल्यावर ते माझ्याशी बोलायचंच थांबले. तसे थोरले दीर धाकट्या भावजयीशी बोलतात ते किती! पण पूर्वी "धाकटे, चहा टाक" असं तरी म्हणायचे. आता चहा हवा असला तर सुमीला सांगायचे. एकदा ह्यांच्याजवळ म्हणताना मी ऐकलं, "धाकटीनं तिचं मन मोडलं. न्हायतर अजून जगली असती ती."

मोडलं का गं मी तुझं मन? हे मी कुणाला विचारू? रोज भाकरी थापताना विचारते. तू शेजारी नसतेस.

मालतीचं उत्तर द्यायचं राहिलं. ती परत जाते, अक्का. सासरा आजारी पडतो म्हणून शेवटच्या पानावर ट्रंक घेऊन परत येते, उंबऱ्यावर वाकून नमस्कार करते आणि सगळे डोळे पुसतात. मी तो शेवट पहिल्यांदा वाचला तेव्हा मीसुद्धा पुसले होते. छान वाटलं होतं मला! तू गेल्यावर कधीतरी तुझा भाग उघडला. त्यात तिचं शिक्षण कसं तोडलं, तिची पुस्तकं कशी बंबात घातली, ती रात्री उपाशी कशी झोपली, ते सगळं. ते वाचून पुन्हा शेवट वाचला आणि इतका राग आला! हिचं मागचं अर्धं तेवढं वाचून मी म्हणत होते, बरं झालं, घर सांधलं. काय कळत होतं मला?

आणि त्याच सुमारास वन्सं इचलकरंजीचं स्थळ घेऊन आल्या. घरचे माग, मुलगा शिकलेला, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. नाव ठेवायला जागा नाही, खरंच. फक्त लग्न वर्षाच्या आत हवं. पुढच्या महिन्यात तुझं वर्षश्राद्ध, आणि सुमीची परीक्षा त्याच्याही पुढं. सुमी स्वयंपाकघरात येऊन माझ्याशेजारी बसली आणि लसूण सोलायला लागली. आठवड्याला पुरेल एवढा लसूण आदल्या दिवशीच सोलून ठेवला होता. तरी ती सोलत राहिली.

ती परकरात असल्यापासूनची मला ठाऊक आहे. तुझ्या मांडीवर डोकं ठेवून ती आपली भांडणं ऐकायची. तिनं मला काही मागितलं नाही. मागितलं असतं तर बरं झालं असतं.

गेल्या रविवारी पावणे आले. मी पोहे केले, चहा घेऊन बाहेर गेले. मुलाचे वडील म्हणत होते, "मग बैठक कवा धरायची?" वन्सं म्हणाल्या, "आता उशीर कशाला? वर्स भरायच्या आत उरकून टाकू." दादा कपबशीकडं बघत बसले होते. हे नेहमीप्रमाणं दादांकडं बघत बसले होते. मी पदर सावरला. चहाचं ताट मधल्या टेबलावर ठेवलं.

मी म्हटलं, "पावणं, पोरीची परीक्षा हाय. तिच्या आईनं जाताना सांगितलंय, बी.ए. झाल्याबिगर लगीन न्हाय."

वन्सं म्हणाल्या, "धाकटे, आत जा तू." मी गेले नाही. उरलेले कप पावण्यांपुढं सरकवत राहिले.

मग दादांनी मान वर केली. "खरं हाय ती म्हणती ते. मलाबी सांगितलं हुतं. मीच विसराय बघत हुतो."

"म्हणजे तीन वर्सं थांबायचं म्हणता?" पावणे म्हणाले.

"थांबाय लागलं तर थांबू. तुम्हास्नी जमत नसंल तर चहा घेऊन जावा. राग न्हाय."

ते चहा घेऊन गेले. पोहेही खाल्ले, ते मात्र मनापासून. वन्सं तशाच त्यांच्यामागं निघाल्या, जाताना माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मी मोरीत कप विसळत होते. दादा स्वयंपाकघराच्या दारात आले. ते तिथं कधी येतात का? म्हणाले, "धाकटे." मी उभी राहिले. फळीवरच्या डब्यांकडं बघत म्हणाले, "तू सांगितलंस म्हणून ती माझ्यासंगं खरं बोलली. त्याच्या आधी आम्ही दोघंबी एकमेकाला बरं हाय, बरं हाय म्हणत हुतो." एवढं म्हणून टोपी घातली आणि रविवार असून गुळाच्या अडत दुकानात गेले. गूळ काय रविवारी पळून जाणार होता? पण गेले. मी चुलीपुढं बसून पोटभर रडले. आणि मग सुमी आली, तिनं उरलेले पोहे एका ताटात काढले, आणि आम्ही दोघींनी गारच खाल्ले.

सुमीनं माळ्यावर टाकलेली पुस्तकं काढलीत. आत्ता पलीकडं मोठ्यानं वाचते आहे, इतिहास. आवाज अगदी तुझा.

पण वन्संचा स्वभाव तुला माहीत आहे. कालच निरोप आला, सांगलीकडचं एक स्थळ आहे, नुसतं बघायला काय हरकत आहे म्हणून. येऊ देत. मी तुला सांगते ते नीट ऐक. सुमीची परीक्षा होईपर्यंत या घरात किती का पावणे येईनात, पोहे मी करीन, चहा मी नेईन, आणि 'नाही' हेसुद्धा मीच सांगीन.

तुझी धाकटी,
इंदू