पायरी क्रमांक सात

सोम. ५ जाने.

आज समीरला विचारलं, पायरी सात कशासाठी? समीर म्हणजे मालक, वय चौतीस, वडिलांचा कारखाना चालवतो. उत्तर: "मॅम, ते करावंच लागतं. नाहीतर स्कॅन अडकतो."

का अडकतो? "पता नहीं. पहले से है."

झालं! असं उत्तर मिळालं की मला जेवण जात नाही. आम्ही बनवतो ते मशीन पाइपांचे वेल्डिंगचे जोड ध्वनिलहरींनी तपासतं. आत भेग असेल तर लहर परत येते. त्या लहरी टिपणारं कार्ड इथले जुने इंजिनिअर घरत सर यांनी बनवलं, चौदा वर्षांपूर्वी. कार्ड टिपलेले आकडे प्रोसेसरला न विचारता परस्पर मेमरीत नेऊन टाकतं, वेग हवा म्हणून. आणि नवीन कॉम्प्युटर बसवताना जो बारा पायऱ्यांचा कागद असतो, त्यात सातवी: सेटिंगमध्ये जाऊन आयओएमएमयू बंद करा. म्हणजे कार्ड मेमरीत कुठे लिहितं यावर जे लक्ष ठेवतं, तेच बंद. आठ वर्षं (की जास्त?) सगळे हे सोवळ्यासारखं पाळतायत.

दहा वर्षं घरी काढून परत आलेय. ३१ तारखेपर्यंत चाचणीवर. शहाण्या बाईने गप्प बसावं. बघू.

मंगळ. ६

बंद होतं ते चालू केलं. स्कॅन लावला. बरोबर अर्ध्या मिनिटाने अडकला. आणि लॉगमध्ये, मशीनच्या नोंदवहीत, लाल ओळ! कार्डाने अमुक पत्त्यावर लिहायचा प्रयत्न केला, परवानगी नव्हती, अडवलं.

खुर्चीतल्या खुर्चीत टाळी वाजवली. शेजारची अकाउंट्सवाली मुलगी दचकली. तिला काय सांगणार, की मॅडमना लाल अक्षरं दिसली म्हणून आनंद झाला.

दहा वर्षांत असं काही वाटलं नव्हतं. डबे, गृहपाठ, सोसायटीच्या मीटिंगा, सगळं केलं, मनापासून केलं. पण हे वेगळं आहे.

बुध. ७

पत्ता मोजला. कार्डाला जी जागा दिलीय तिचा शेवट जिथे, बरोबर त्याच्या पुढचा पहिला बाइट. एक इकडे नाही, एक तिकडे नाही. कार्ड आपली जागा भरून झाल्यावर हद्दीपलीकडे पाऊल टाकतंय.

चहाला आईंनी (सासूबाई) विचारलं, "एवढी खुशीत का तू? पगार वाढला?" सांगितलं. आपल्या सोसायटीचा वॉचमन नाही का, कुरिअरवाल्याला विचारतो कुठल्या फ्लॅटमध्ये जायचंय, आणि तिथेच सोडतो? तसा कॉम्प्युटरात एक आहे. आमच्या लोकांनी त्याला कायमची रजा दिली, कारण तो ओरडायचा.

"ओरडायचा म्हणजे चोर होता म्हणून ना?"

"हो."

"मग वॉचमनला घालवलं की चोराला?"

वॉचमनला, म्हटलं. आई म्हणाल्या, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का. बाईंनी कॉम्प्युटरला आयुष्यात हात लावलेला नाही. एका वाक्यात निकाल.

शुक्र. ९

वीस वेळा स्कॅन लावला. वीसही वेळा तिथेच. छोट्या पाइपाला काही होत नाही, जागा भरतच नाही. लांब पाइप लावला की जागा भरते आणि कार्ड १२८ बाइट जास्तीचे फेकतं. रोज सकाळी ऑपरेटर जो छोटा नमुना तपासून मशीन ठीक म्हणतो, त्यात म्हणूनच कधी दिसलं नाही.

वॉचमन नसेल तर ते १२८ बाइट शेजाऱ्याच्या घरात. शेजारी कोण? प्रत्येक मशीनवर वेगळा. कदाचित रिकामी जागा. कदाचित दुसऱ्या कुणाचे आकडे. तो दुसरा म्हणजे तपासणीचं चित्र असेल, तर

चित्रातली एक पट्टी खोटी. भेग असली तरी दिसणार नाही.

आणि कार्ड कुणाचं? घरत सरांचं. मला या धंद्यात आणलं त्यांनी, आता परत बोलावलं त्यांनी. त्यांना जाऊन सांगायचं, सर, तुमचं कार्ड चुकतंय. जीभ रेटेल?

रवि. ११

सरांकडे पोपटी होती. उलव्याच्या अलीकडे त्यांचं गाव. जमीन बरीचशी विमानतळात गेली, मागचा तुकडा राहिलाय, तिथे वाल लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, आणि मडकं उलटं जाळात. वरून विमान गेलं की बोलणं थांबायचं आणि पुढे चालू. मला आधी खाऊन घ्यायचं होतं, कारण नंतर घशाखाली उतरलं नसतं. भरपूर खाल्लं.

मग सांगितलं. सगळं, १२८ बाइटसकट.

सर शेंग सोलत होते, सोलतच राहिले. मग म्हणाले, "नाय."

मी म्हटलं, सर, वीसपैकी वीस.

"नाय गं बाय. कार्ड जास्तीचा टाकतो त्ये मला म्हायती हाय. त्या चिपची खोडच ती. म्हणून तर सांगितलेलं, शेवटी एक पान मोकळं ठेवा. जास्तीचा पडला तर तिथं पडंल."

ऑफिसात सर अगदी शुद्ध बोलतात. गावात, त्यात मनाला लागलं की, असं.

उठून घरात गेले, जुनी वही घेऊन आले. त्यांच्या बारीक अक्षरात: बफरच्या शेवटी एक पान मोकळे, ड्रायव्हरवाल्यांना सांगितले. बफर म्हणजे कार्डाला दिलेली जागा, ड्रायव्हर म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, आणि पान म्हणजे मेमरीचा चार केबीचा तुकडा. कार्डाच्या खोडीवर साधा, स्वस्त उपाय.

"मंग त्ये पान ग्येलं कुठं?" सरांनी मला विचारलं.

मी म्हटलं, उद्या शोधते. कोणी खाल्लं ते काढतेच. रिक्षात बसून घरी येईपर्यंत मनात त्या अज्ञात गाढवाला शिव्या देत होते. आनंदाने, हे कबूल करते.

सोम. १२

कोडचा सगळा इतिहास आहे. कुठली ओळ कोणी, कधी बदलली, एका आज्ञेत कळतं. आज्ञा दिली.

पान काढलं: मी.

माझं नाव. खाली माझीच टीप: "एका अनावश्यक पानामुळे दुप्पट मेमरी अडकत होती, काढले."

आठवलं. सगळं आठवलं. त्या वेळी मेमरी तुटपुंजी असायची. बफर बरोबर चार एमबीचा, त्याच्या वर एक पान मागितलं की सिस्टिम सरळ आठ एमबी बाजूला काढायची. मी ते हुडकलं, काढलं, समीरच्या वडिलांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. मिठाई आली होती. त्यानंतर दोन महिन्यांत मुलगी झाली, नोकरी सोडली. पुढे नवे कॉम्प्युटर आले, त्यांच्यात वॉचमन चालू असायचा, तो ओरडायला लागला. कोणीतरी पायरी सात लिहिली. पुढचं सगळं बरोबर जुळतं.

काखेत कळसा.

मंगळ. १३

काही नाही लिहायचं.

बुध. १४

संक्रांत. तिळगूळ देताना सरांना सांगितलं. आडवळण न घेता. सर, ते पान मी काढलं.

वाटलं आता बोलतील ते बोलतील, ऐकून घ्यायचं. तर म्हणाले, "मी तरी कुठं कागद दिलेला? वहीत माझ्यापुरतं लिवलं आणि चहाच्या टपरीवर तोंडी सांगितलं. तू तवा आली पन नव्हतीस."

खरं आहे. कोडमध्ये त्या पानाशेजारी एक अक्षर नव्हतं. असतं तर मी हात लावला असता का? लावला असता बहुतेक. मी तेव्हा फार हुशार होते.

मग सर म्हणाले, "आता नीट कर." पाठीवर थाप. डोळ्यांत पाणी आलं, तीळ घशात अडकला म्हणून सांगितलं.

शुक्र. १६

काय दिवस!! काय दिवस!!

पान परत आणायचं तर पुन्हा आठ एमबी अडकणार, आता त्याचं कोणाला काही नाही, पण मला आहे. आणि सकाळी ब्रश करताना सुचलं. वॉचमन असला की कार्डाला मेमरीचे खरे पत्ते माहीतच नसतात. वॉचमन जे पत्ते देईल तेच त्याला खरे वाटतात. मग बफर चार एमबीचा चार एमबीच ठेवायचा, आणि कार्डाच्या नकाशात त्याच्या पुढच्या नंबरवर भलतीकडचं एक टाकाऊ पान लावून द्यायचं! खऱ्या मेमरीत ते शेजारी असायची गरजच नाही. कार्ड खुशाल हद्द ओलांडेल, पाऊल पडेल कचऱ्याच्या डब्यात.

चौदा ओळी. चौदा! दुपारपर्यंत लिहून झाल्या. वॉचमन चालू, लांबात लांब पाइप, सहा तास स्कॅन. एकदाही अडकला नाही. लॉग कोरा. सर दर अर्ध्या तासाने येऊन "कोरा?" विचारून जात होते. शेवटी खुर्ची आणून बसलेच.

त्या चौदा ओळींच्या वर मी एकवीस ओळींची टीप लिहिलीय. हे पान का आहे, काढलं तर काय होईल, आणि मागे काढणारी कोण.

समीर खूश. कागदावरची पायरी सात स्वतः पेनाने खोडली. मी म्हटलं, आणि बाहेर गेलेली मशीनं? पायरी सात पाळून बसवलेली अकरा आहेत.

"नेक्स्ट सर्व्हिसिंगला बदलून टाकू ना. सांगून पॅनिक कशाला?"

मी म्हटलं, आणि जे जोड पास झालेत ते?

त्याने ड्रॉवरमधून पाकीट काढलं. कायम नोकरीचं पत्र, ३१ ची वाट न बघता. "मॅम, तुम्ही हे डिझर्व्ह करता. सही करा, मग निवांत बोलू."

सही केली नाही. पेन विसरले म्हटलं. त्याच्या टेबलावर सहा पेनं होती.

सोम. १९

शनि.-रवि. डोक्यात हेच. मला ही नोकरी हवीय. खोटं कशाला लिहू, स्वतःच्या वहीत. फार हवीय. आईंना विचारलं, काय करू? म्हणाल्या, "मला कशाला विचारतेस, तुझं ठरलंय." ठरलं होतं.

आज समीरकडे गेले, मागून सर, न बोलावता. मी म्हटलं, अकरा जणांना कळवायचं. चूक माझी, तसं लिहा. पत्रावर सही त्यानंतर.

समीर चिडला. "मॅम, तुम्हाला कळतंय का, अकरा कस्टमर जातील. पप्पांनी उभं केलंय हे."

सर म्हणाले, "समीर, तुझ्या पप्पांसोबत मी उभं केलंय. पाइपातून काय जातं म्हायती हाय ना? गॅस जातो."

समीरने ग्राहकांची यादी पुढे ओढली. मग: "आधी दोन मशीनं बघून या. काय निघतं ते बघू. मग मी स्वतः फोन करतो सगळ्यांना." वाईट नाहीये पोरगा. घाबरलाय. मीही घाबरलेय, पण मला आत कुठेतरी मजाही येतेय, याची लाज वाटते.

बुध. २१

पहिलं मशीन, तळोजे. याला एकच प्रोब, म्हणजे लहरी टिपणारा एकच डोळा. जास्तीचे १२८ बाइट कुठे पडतात पाहिलं. शेजारी रिकामी जागा! कोणाची नाही! कित्येक वर्षं ते तिथे पडतायत आणि कोणाचं काही बिघडलं नाही.

सरांनी फाटकाबाहेर दोन दोन वडापाव घेतले, मला नको म्हणत असताना. समीरला फोन केला, त्याचा श्वास ऐकू आला. नवा ड्रायव्हर टाकला, वॉचमन चालू करून दिला. परत येताना सर खिडकीतून वारा घेत गुणगुणत होते.

उद्याचं मशीन मात्र दोन प्रोबचं. दोन्हींच्या जागा मेमरीत एकीला लागून एक असतील, तर पहिलीचं जास्तीचं थेट दुसरीच्या सुरुवातीला.

गुरु. २२

उरण, दुपार. यार्डातच लिहितेय. क्रेन जेवायला गेलीय, लांब पाइप अजून चढायचाय.

जागा पाहिल्या. लागून आहेत. मधे एक बाइटही नाही.

म्हणून असं ठरवलंय: स्कॅन सुरू झाला की दुसऱ्या प्रोबचे पहिले आकडे वेगळीकडे उतरवून ठेवायचे. स्कॅन संपल्यावर तेच परत वाचायचे. जसेच्या तसे असले, तर माझी भीती फुकट. बदलले असले, तर इथून गेलेला प्रत्येक लांब पाइप पुन्हा तपासायचा, जिथे असेल तिथे जाऊन. कधी एकदा बटण दाबते असं झालंय.

इथला ऑपरेटर नरेश. साधारण माझ्याच वयाचा. पाच वर्षं हे मशीन चालवतोय, स्क्रीन लखलखीत पुसलेली. सकाळपासून बघत होता. आत्ता येऊन विचारलं, "ताई, एक सांगा. मी जे जोड पास केले, सही केली त्याच्यावर. ते बरोबर हायत ना?"

सरांनी तोंड उघडलं. मी आधी बोलले. म्हटलं, माहीत नाही, तेच बघायला आलोय. आणि तुमचं काही चुकलेलं नाही, मशीनमधली चूक माझी. दहा वर्षांपूर्वी मी एक गोष्ट काढून टाकली.

तो रागावेल असं वाटलं. नाही रागावला. हातातले मोजे काढले, नीट घडी करून टेबलावर ठेवले, आणि मशीनसमोरची स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"मंग आज तुमी बसा," म्हणाला.

क्रेन आली.