दंडावरची उपाशी चकती

४ मार्च

चि. ठमीस, अनेक आशीर्वाद.

वडिलांच्या सायकलचा डायनॅमो चाकाला टेकला की घुर्रर्र आवाज व्हायचा. मागे बसून मी त्या तालावर शाळेतल्या कविता म्हणायचो. चाक थांबलं की दिवाही जायचा आणि कविताही. तुझ्या प्रयोगशाळेने माझ्या दंडावर चिकटवलेली चकती तशीच, म्हणतेस. सेल नाही, अंगातल्या साखरेवरच वीज करते, साखर मोजते आणि आकडा तुझ्याकडे धाडते.

माझा मात्र गोंधळ उडालाय. ती माझी साखर खाते, तर मधुमेह उतरायला नको? आणि मी पथ्याने राहिलो तर ही बिचारी उपाशीच की! म्हणून पंधरा दिवस चहात दोन चमचे साखर जास्त घालतोय. डॉक्टर आकडे बघून चक्रावले, गोळी दुप्पट केली.

खालच्या मजल्यावरचा शिंपी अजून बोलत नाही. त्याच्या कवितेतली चुकलेली ओळ मी मास्तरकीच्या सवयीने सुधारली, त्याला तीन वर्षं झाली.

लोभ आहेच, तो मोजत बसू नकोस.
आजोबा

९ मार्च

ती. आजोबांस, सा. न. वि. वि.

धन्य आहात मास्तर! चकतीला लागते ती साखर मुंगीलाही पुरणार नाही. आम्ही इथे यंत्रात दोष शोधतोय आणि तो निघाला तुमच्या चहात!

आधी डॉक्टरांना खरं सांगा. नुसतं गोड सोडून दुप्पट गोळी चालू ठेवलीत तर साखर कोसळेल. साखर उतरली की चकतीची वीजही मंदावते. मग आकडा खाली गेला तर चकती रुसली की आजोबा, हे मला दोन दिवसांच्या वाटेवरून कसं कळणार?

माया असू द्या, लपवाछपवी नको.
तुमची ठमी

१५ मार्च

चि. ठमीस, अ. आ.

पत्र मिळताच साखर सोडली. डॉक्टरांना मात्र सांगितलं नाही. जन्मभर मुलांना खरं बोला म्हणून दटावलं, आता कुठल्या तोंडाने सांगू? गोळी घेतोच आहे.

सकाळपासून अक्षरं ओळ सोडून चाललीत. पाठ असलेली कविता म्हणायला घेतली, तर दुसरं कडवं आधी आलं, पहिलं सापडेना. पंखा चालू आहे तरी घाम. चष्मा शोधला, तो डोळ्यांवरच. तू लिहिलंस ते हेच, की म्हातारपण? आज वार कोणता गं? फोन मघापासून वाजतोय, पण कुठून ते कळत नाही.

कोणीतरी दार बडवतंय. कडी काढून आलो.

शिंपी! गळ्यात मापाची फीत, मुठीत साखर. म्हणतो, ठमीचा फोन होता, पेन ठेवा, तोंड उघडा, भांडू नंतर