कुंपणावरचे नऊ

५ ऑक्टोबर

नऊ! एका कुंपणात, एका सकाळी, नऊ! बुलबुल, शिंपी, दयाळ, धोबी, सातभाई, पोपट, चिमणी, शिक्रा — आणि शेवटी चक्क टिटवी. बाकावर डोळे मिटून बसलो होतो. गुरुजी म्हणायचे, कविता डोळ्यांनी वाचू नका रे, कानांनी वाचा. साठ वर्षं झाली, खोड जात नाही. टिटवीच्या आवाजाला आपोआप गुडघ्यावर बोटं आपटली — लघू, लघू, गुरू. वर्गात अशीच वृत्तं मोजायचो.

मंडळाच्या शरदातल्या पक्षिगणनेत शाळेमागचं हे काटेरी झुडपांचं कुंपण बावीस वर्षं माझ्या वाट्याला आहे. नऊ कधीच झाले नव्हते.

६ ऑक्टोबर

यादी आज स्वतःच मंडळात देऊन आलो. एरवी माझ्या कच्च्या कागदावरून सुवाच्य प्रत आमची ही करते आणि हीच नेऊन देते. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय! पण ही पंधरा दिवस लेकीकडे, तिचं घर हलवायला. जाताना बजावलं होतं, "मी येईपर्यंत यादी देऊ नका हं."

नऊ पक्षी खिशात घेऊन कोण थांबतंय!

७ ऑक्टोबर

घर फार शांत. चहात साखर दोनदा घातली.

९ ऑक्टोबर

मोजणीदार आले. जन्मभर जमिनी मोजल्या, आता मंडळाचे पक्षी मोजतात, म्हणून हे नाव. मला कविराज म्हणतात. आज आवाज निराळा होता.

"कविराज, टिटवी कुंपणावर बसली होती?"

"होती की."

"पाहिलीत?"

"ऐकली."

"अहो, टिटवी जमिनीवरची बाई! ती फांदीवर बसत नाही. उद्या म्हणाल, बदक तारेवर झोके घेत होतं!"

मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, नऊच्या नऊ आवाज एकट्या खाटकाचे असणार. खाटीक म्हणजे थंडीच्या तोंडावर दुरून येणारा मुठीएवढा शिकारी पक्षी. टोळ पकडतो, काट्याला टोचून ठेवतो. आणि फावल्या वेळात दुसऱ्यांच्या नकला करतो, अगदी हुबेहूब.

मग कप खाली ठेवून हळूच म्हणाले, "यंदाचं हे असं, तर मागचं काय समजायचं? तुमचं कुंपण नोंदवहीत ठेवायचं की काढायचं, हे मंडळाला ठरवावं लागेल. एकवीसला बैठक आहे."

१० ऑक्टोबर

चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, कुणाची एक वेलांटी सोडली नाही. आणि आपलं स्वतःचं?

१२ ऑक्टोबर

आज डोळे टक्क उघडे ठेवून बसलो.

होता! शेंड्यावर एकटा. डोळ्यांवरून काळी पट्टी, दरोडेखोरासारखी. चोच जेमतेम हलते, गळा तेवढा थरथरतो — आणि त्यातून बुलबुल! त्याच दमात दयाळ, मग पोपट, मग टिटवी. नाटकातली सगळी पात्रं एकटाच वठवतोय!

माझी बावीस वर्षं डोळ्यांदेखत मातीत जात होती, आणि मला मात्र टाळी द्यावीशी वाटत होती. खाटीक, आणि गळा असा!

१५ ऑक्टोबर

मंडळाला पत्र टाकलं. 'माझ्या सर्व याद्या बाद कराव्यात.' चार वेळा लिहिलं, चौथं पाकिटात घातलं.

दुपारी हिचा फोन. "आवाज का असा?" सर्दी, म्हटलं. "यादी दिली नाहीत ना?" मी विचारलं, कपाटं नव्या घरात मावली का.

१८ ऑक्टोबर

मोजणीदार फाटकातूनच ओरडत आले. बगलेत मंडळाची फाईल, हातात माझं पत्र.

"वेड लागलंय का, कविराज? मागच्या याद्या काढून बघितल्या. तुमच्या कुंपणावर दर शरदात काय लिहिलंय? खाटीक, एक!"

मी? मी तर जन्मात खाटीक लिहिला नाही!

कपाटातून माझ्या जुन्या रोजनिशा काढल्या, शेजारी याद्या ठेवल्या. गेल्या वर्षी रोजनिशीत माझे आठ पक्षी. यादीत — खाटीक, एक. त्याआधी माझे सहा. यादीत पुन्हा खाटीक, एक. गोल, टपोरं अक्षर. हिचं! "मला बाई कावळा नि चिमणी, एवढंच कळतं," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगणारी ही!

मोजणीदार इतके हसले की चहा सदऱ्यावर सांडला. "म्हणजे वहिनींनी तुमचीच मुद्रितं तपासली की! जाऊ द्या. याद्या शाबूत आहेत, पत्र फाडतो."

फाडलं. तरी मला हसू येईना. याद्या राहिल्या, पण त्या तिच्या. माझं म्हणून काय उरलं? बावीस वर्षांचं चुकीचं ऐकणं.

२० ऑक्टोबर

ही आली. टेबलावर फाईल दिसली तशी दारातच थबकली. "कळलं तर."

"सांगितलं का नाहीस?"

"तुमच्यामागून जाऊन बघायचे, तर शेंड्यावर तो एकटा! पण तुम्ही इतके खूश होऊन यायचात! कुणाच्यानं सांगवेल?" मग पिशवी हातातच धरून, "यंदा किती ऐकलेत?"

"नऊ. टिटवी धरून."

"टिटवी?" मटकन खुर्चीत बसली. "अहो, टिटवी त्याला येत नव्हती! कुठून तरी नवी शिकून आलाय! मी वेडी दर वर्षी नुसतं 'खाटीक, एक' लिहीत बसले. तो नि त्याच्याआधीचे कोणत्या वर्षी काय म्हणाले, ते फक्त तुमच्याकडे आहे. बघत काय राहिलात? आणा त्या सगळ्या रोजनिशा इकडे!"